सहाचा गजर, आठ अंश थंडी आणि दारात बांधलेली घोडी: हिवाळ्यात रपेट टिकवायची कशी?

जानेवारी महिना, पहाटेचे सहा. जिंतूरमध्ये बाहेर मिट्ट काळोख. गजर वाजतो, हात गोधडीतून बाहेर येतो, गजर बंद होतो आणि हात परत आत जातो. बाहेर शेडमध्ये घोडी टाप आपटते. तिला कळलंय की तुम्ही जागे आहात. तुम्हालाही कळलंय की तिला कळलंय. तरीही मनात एकच वाक्य येतं, "आज राहू दे, उद्या दुप्पट फिरवू."

घोडा पाळणाऱ्या प्रत्येकाने हे वाक्य कधी ना कधी म्हटलेलं असतं. मीही म्हटलंय. दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात सलग सोळा दिवस म्हटलं. सतराव्या दिवशी ऊन बघून मूड आला, खोगीर चढवलं आणि थेट चौखूर सोडली. दोन आठवडे नुसती खात उभी राहिलेली ती घोडी. पहिल्याच बांधावर तिने अशी उसळी घेतली की मी ज्वारीत आणि ती घराच्या वाटेवर. मनगट सहा आठवडे प्लास्टरमध्ये होतं. चूक घोडीची नव्हतीच, सोळा दिवसांची होती.

हिवाळ्यात रपेट का सुटते, सुटली तर घोड्याच्या शरीरात काय होतं आणि ती टिकवायला नेमकं काय कामाला येतं, हे समजून घेऊ.

थंडी कुणाला वाजते?

आधी एक गैरसमज काढून टाकू. आपण गोधडीत कुडकुडत असतो, म्हणून आपल्याला वाटतं की बाहेर घोडाही कुडकुडत असेल आणि त्याला न हलवणं हीच दया. तसं नसतं.

प्रत्येक प्राण्याचा तापमानाचा एक आरामाचा पट्टा असतो. त्या पट्ट्यात शरीराला ऊब टिकवायला किंवा गार व्हायला वेगळी मेहनत करावी लागत नाही. उघड्या अंगाने बसलेल्या माणसाला पंचवीस-सव्वीस अंशांनाच थंडी जाणवायला लागते. मोठ्या, निरोगी घोड्याचा आरामाचा पट्टा साधारण 5 ते 25 अंश सेल्सिअस मानला जातो. म्हणजे ज्या आठ-दहा अंशांत आपण कानटोपी शोधतो, ते घोड्यासाठी झकास हवामान आहे. त्याला खरा त्रास मे महिन्यात होतो, जेव्हा आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो.

परभणी जिल्हा थंडीसाठीही अधूनमधून बातमीत येतो. डिसेंबर 2018 च्या शेवटी परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात पारा 2 अंशांच्या आसपास उतरला होता आणि मोबाइलवर दवाचा बर्फ झाल्याचे फोटो फिरत होते. पण असे दिवस मोजके. बाकीचा हिवाळा घोड्याला मानवणाराच असतो.

घोड्याच्या अंगावर हिवाळ्यात जाड केस येतात, हे पाहिलं असेल. गंमत म्हणजे हे केस येण्याचा मुख्य इशारा थंडी नसून दिवसाची लांबी असते. दिवस लहान व्हायला लागले की डोळ्यांवाटे मेंदूला संदेश जातो आणि थंडी पडायच्या आधीच कोट तयार व्हायला लागतो. थंडी वाजली की हे केस उभे राहतात आणि त्यांच्यात हवा अडकून राहते. कापूस भरलेली गोधडी याच तत्त्वावर चालते. मात्र केस ओले झाले की हा सगळा कारभार कोसळतो. म्हणून कोरड्या थंडीपेक्षा अवकाळी पाऊस आणि वारा घोड्याला जास्त झोंबतो.

मग झूल घालायची की नाही? निरोगी, भरल्या अंगाचा, वाऱ्यापासून आडोसा असलेला घोडा आपल्याकडच्या थंडीत झुलीशिवाय राहू शकतो. म्हातारं जनावर, शिंगरू, आजारी किंवा हाडं दिसणारा घोडा असेल तर घाला. पण अनेक ठिकाणी गोणपाट शिवून अंगावर टाकतात, ते रात्रीच्या दवाने भिजतं आणि सकाळपर्यंत तसंच चिकटून राहतं. तसली झूल नसलेली बरी.

अंधार कधी हटतो?

आता आपल्या बाजूचा शत्रू बघू. तो म्हणजे अंधार. जिंतूरला वर्षातला सगळ्यात लहान दिवस साधारण अकरा तासांचा असतो आणि तो 21-22 डिसेंबरला येतो. त्यानंतर दिवस मोठा होतो, हे शाळेत शिकलोय. म्हणून सगळ्यांना वाटतं की डिसेंबर संपला की सकाळी लवकर उजाडायला लागेल. पण तसं होत नाही.

जिंतूरमध्ये डिसेंबरच्या त्या लहान दिवशी सूर्य उगवतो 6 वाजून 50 मिनिटांनंतर. आणि जानेवारीच्या मध्यावर? जवळजवळ सातला! म्हणजे सकाळ आणखी उशिरा होते. दिवस वाढत असतो, पण तो संध्याकाळच्या बाजूने वाढतो. नोव्हेंबरच्या शेवटी सूर्य पावणेसहाच्या आतच मावळतो, तोच संक्रांतीला सहा वाजून गेल्यावर मावळतो.

याचं कारण पृथ्वीच्या कलण्यात आणि तिच्या लंबगोल कक्षेत आहे. या दोन्हींमुळे डिसेंबर-जानेवारीत सूर्य डोक्यावर येण्याची वेळ घड्याळाच्या हिशेबाने रोज अर्ध्या मिनिटाच्या आसपास पुढे सरकते. अख्खा दिवसच पुढे ढकलला जातो, त्यामुळे वाढलेली मिनिटं सकाळी दिसत नाहीत.

याचा रपेटीशी थेट संबंध आहे. सकाळी फिरवणाऱ्यांचा धीर बहुतेक वेळा डिसेंबरमध्ये सुटत नाही, जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सुटतो. "नवीन वर्ष लागलं, तरी अंधार हटेना" असं वाटतं ते खरंच असतं, तुमचा आळस नसतो. म्हणून संक्रांतीपर्यंत रपेट संध्याकाळी पाच वाजता ठेवली आणि फेब्रुवारीत पुन्हा सकाळी आणली, तर त्यात हार मानण्यासारखं काही नाही. ज्यांना संध्याकाळी दुकान किंवा ड्युटी असते, त्यांनी सहाऐवजी साडेसहाला निघावं. सूर्य उगवायच्या वीस-बावीस मिनिटं आधी वाट दिसण्याइतका उजेड होतो.

अंधारातच निघायचं असेल, तर घोड्याच्या डोळ्यांबद्दल एक गोष्ट माहीत हवी. अंधूक उजेडात घोड्याला आपल्यापेक्षा चांगलं दिसतं. त्याच्या डोळ्याच्या मागच्या बाजूला उजेड परत फेकणारा थर असतो, म्हणून रात्री बॅटरी मारली की डोळे चमकतात. पण उजेडातून अंधारात जाताना त्याच्या डोळ्यांना जुळवून घ्यायला आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो. शेडमध्ये लख्ख बल्ब लावून खोगीर कसलं आणि लगेच काळोखात काढलं, तर पहिली काही मिनिटं तो चाचपडणार, बिचकणार. बल्ब मंद ठेवा, बाहेर काढून थोडा वेळ उभा करा. डोक्याला बांधायची बॅटरी तर नकोच, कारण आपण मान हलवली की उजेडाचा गोळा घोड्यासमोर नाचतो.

आणि रस्ता! हा उसाच्या गाळपाचा हंगाम असतो. मागे दिवा नसलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, त्यात धुई पडलेली. परभणी किंवा औंढ्याकडे जाणाऱ्या मोठ्या रस्त्यावर अंधारात घोडा नेणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. शेतातली पांदण वापरा. रस्ता ओलांडावाच लागत असेल तर स्वतःच्या अंगात चमकणाऱ्या पट्ट्यांचं जाकीट घाला आणि तशाच पट्ट्या घोड्याच्या पायांना बांधा. हलणारे पाय गाडीवाल्याला आधी दिसतात.

इथे हिवाळा हाच घोड्याचा हंगाम होता

हिवाळ्यात घोड्यावर बसायला "मोटिव्हेशन" लागतं, ही कल्पनाच आपल्या भागात नवी आहे. दख्खनमध्ये पावसाळ्यात नद्या भरलेल्या, काळ्या मातीचा चिखल घोड्याच्या गुडघ्याला. उन्हाळ्यात पाणी नाही, चारा नाही. उरला तो दसऱ्यानंतरचा काळ. सीमोल्लंघन करून फौजा निघायच्या आणि थंडीचे महिने घोड्याच्या पाठीवर जायचे.

याचं सगळ्यात ठळक उदाहरण आपल्या अंगणातलं आहे. 1727 मध्ये पावसाळा सरता सरता थोरले बाजीराव निजामाविरुद्धच्या मोहिमेवर निघाले. नोव्हेंबरात त्यांचे स्वार जालना-सिंदखेड भागात होते. सिंदखेड राजा जिंतूरपासून सरळ रेषेत सत्तर-एक किलोमीटर. तिथून खानदेश, गुजरात आणि परत गोदावरीकडे. निजामाचं जड तोफखान्याचं सैन्य मागे फिरत राहिलं आणि शेवटी 28 फेब्रुवारी 1728 ला पालखेडला पाण्यावाचून कोंडीत सापडलं. दुसऱ्या महायुद्धातले ब्रिटिश सेनापती माँटगोमेरी यांनी युद्धाच्या इतिहासावरच्या पुस्तकात या मोहिमेचं कौतुक केलंय. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, म्हणजे अख्खा हिवाळा घोड्यावर.

त्या स्वारांना रोज पहाटे स्वतःची समजूत काढावी लागत नव्हती. निघायची तारीख दसऱ्याने ठरवलेली, सोबत हजारो लोक आणि वेग घोड्याच्या चाऱ्या-पाण्याने ठरलेला. तारीख, सोबत आणि घोड्याचं वेळापत्रक, या तीन गोष्टी लक्षात ठेवा. पुढे त्याच कामाला येणार आहेत.

उलट उदाहरणही हिवाळ्यातलंच आहे. 14 जानेवारी 1761, पानिपत. थंडी कडक होती, पण मराठ्यांचे घोडे नुसत्या थंडीने खचले नव्हते. रसद तुटली, चारा संपला आणि उपाशी घोडे आधीच मरायला लागले होते. थंडीत घोड्याचा जीव पोटावर अवलंबून असतो, हे कुठल्याही पशुवैद्यकाच्या पुस्तकाआधी त्या मैदानावर दिसलं.

जिंतूर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होतं. इथून पन्नासेक किलोमीटरवरच्या हिंगोलीत 1903 पर्यंत हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. त्या शहरातला रिसाला बाजार आजही नावाने तोच आहे. रिसाला म्हणजे घोडदळ. तिथे पाणीपुरी खाताना हे किती जणांच्या लक्षात येत असेल, कोण जाणे.

आजही महाराष्ट्रातला घोड्यांचा मोठा महिना मार्गशीर्षच. चंपाषष्ठीला खंडोबाचा उत्सव, आणि खंडोबा तर घोड्यावरचाच देव. पौर्णिमेला दत्तजयंतीच्या सुमारास नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याचा घोडेबाजार भरतो. अमावास्येच्या सुमारास नांदेड जिल्ह्यातल्या लोहा तालुक्यात माळेगावची खंडोबाची यात्रा, जिथे घोडे, गाढवं, उंट यांचा बाजार आणि शेजारीच कुस्त्या आणि लावणीचा फड. आपल्या भागातल्या बहुतेक घोडेवाल्यांचं कॅलेंडर माळेगावच्या अलीकडचं आणि पलीकडचं असं विभागलेलं असतं. धनगरांचे वाडे पावसाळ्यानंतर मेंढरं घेऊन निघतात, तेव्हा बिऱ्हाड तट्टांवरच असतं. त्यातली भीमथडी ही जात आता राष्ट्रीय पातळीवर नोंदली गेली आहे, भारतातली घोड्याची आठवी नोंदणीकृत जात म्हणून.

संख्या मात्र घटतेय. 2012 च्या पशुगणनेत देशात घोडे आणि तट्टं मिळून सव्वासहा लाखांच्या आसपास होती, 2019 मध्ये ती 3.4 लाखांवर आली. सात वर्षांत जवळजवळ निम्मी. जे उरलेत, त्यातले बरेच लग्नाच्या वरातीत नाचतात आणि बाकीचा वेळ खुंट्याला उभे असतात. तुळशीचं लग्न लागलं की वराती सुरू, रात्री बारापर्यंत डीजे. असा घोडा रात्री दमून आला असेल तर सकाळची रपेट बिनधास्त रद्द करा. तो आळस नाही.

खुंट्याला उभा राहिला तर काय होतं?

घोड्याच्या पोटाची रचना समजली की हा भाग सोपा होतो. घोडा गाय-बैलासारखा रवंथ करत नाही. त्याचं जठर लहान, आतडं प्रचंड लांब आणि ते चालतं ठेवायला तीन गोष्टी लागतात: सतत थोडा-थोडा चारा, पाणी आणि हालचाल. हिवाळ्यात यातल्या दोन एकदम कमी होतात. गार पाणी त्याला नको वाटतं आणि आपण त्याला फिरवत नाही. कोरडा कडबा आतड्यात घट्ट होऊन अडकतो आणि पोटशूळ सुरू होतो. घोडा पोटाकडे वळून बघतो, जमीन उकरतो, लोळतो, लीद टाकत नाही. ही लक्षणं दिसली की काढा-बिढा पाजत बसू नका. घोड्याला उलटी होत नाही, नळीने किंवा बाटलीने ओतलेलं काही श्वासनलिकेत गेलं तर वेगळंच संकट. ताबडतोब पशुवैद्यकाला बोलवा. परभणीला पशुवैद्यक महाविद्यालय आहे, त्यांचा नंबर आजच फोनमध्ये सेव्ह करून ठेवा.

पाण्यावर एक देशी उपाय आहे आणि तो फुकट आहे. मोठा घोडा दिवसाला पंचवीस ते चाळीस लिटर पाणी पितो. बादलीत किंवा हौदात रात्रभर राहिलेलं पाणी सकाळी बर्फासारखं असतं. पण विहिरीचं किंवा बोअरचं ताजं पाणी हिवाळ्यात कोमट लागतं, कारण जमिनीखालचं तापमान वर्षभर फारसं बदलत नाही. सकाळी मोटर सुरू करून ताजं पाणी द्या, शिळी बादली ओतून टाका. फरक तुम्हालाच दिसेल. चंदीत रोज मूठभर नको, दोन चमचे मीठ टाका, तहान वाढते.

चाऱ्यातही आपण उलटं करतो. थंडी वाढली की हरभरा, बाजरी, गूळ असं "उष्ण" खाऊ घालतो. प्रत्यक्षात घोड्याला ऊब मिळते ती वैरणीतून. आतड्याच्या मागच्या भागात तंतू आंबतात आणि त्या प्रक्रियेत उष्णता तयार होते. गार रात्री एखादी पेंढी कडबा किंवा वाळलं गवत जास्त टाकणं, हे किलोभर धान्यापेक्षा चांगलं. मात्र शेतातली हिरवी ज्वारी तोडून देऊ नका. कोवळ्या ज्वारीत विषारी घटक असतो आणि घोड्यांमध्ये हिरव्या ज्वारीमुळे मूत्राशयाचे आणि मागच्या पायांच्या ताकदीचे आजार होतात. नीट वाळलेला कडबा वेगळा आणि उभं हिरवं पीक वेगळं. माझी घोडी मला पाडून ज्वारीच्या शेताकडे न जाता घराकडे पळाली, यात तिचा शहाणपणा जास्त की माझं नशीब, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

दुसरा धोका कमी माहितीतला आहे. रोज कामाचा घोडा अचानक उभा ठेवला, पण चंदी तेवढीच चालू ठेवली आणि मग एके दिवशी जोरात पळवला, तर त्याचे पाठीचे आणि पुठ्ठ्याचे स्नायू आखडतात. घोडा ताठ होतो, घाम फुटतो, पाऊल टाकत नाही, लघवी चहासारखी गडद होते. पूर्वी युरोपात गाडी ओढणाऱ्या घोड्यांना रविवारी सुट्टी आणि पोटभर धान्य मिळायचं, सोमवारी कामाला जुंपलं की हे व्हायचं. म्हणून त्याचं नावच "सोमवारच्या सकाळचा आजार" पडलं. ज्या दिवशी फिरवणार नाही, त्या दिवशी चंदी निम्मी करा. आणि आठवडाभराचा खंड पडला असेल तर पहिल्या दिवशी फक्त चाल, दुडकीसुद्धा नको. मला हे आधी माहीत असतं तर एक मनगट वाचलं असतं.

मनाला समजावत बसू नका

आता मूळ प्रश्न. बिछान्यातून उठायचं कसं?

प्रेरणा ही वाट बघण्याची गोष्ट मानली की हिवाळा जिंकतो. मानसशास्त्रात पीटर गोल्विट्झर यांनी दाखवलेली एक साधी गोष्ट आहे. "मी रोज फिरवीन" असं ठरवण्यापेक्षा "अमुक झालं की मी तमुक करीन" असं ठरवलं, तर ते पार पडण्याची शक्यता बरीच वाढते. "साडेसहाला वैरण टाकली की मी मोरखी हातात घेणार" हे वाक्य "या हिवाळ्यात फिट राहायचं" यापेक्षा कितीतरी दणकट आहे, कारण वैरण तर टाकावीच लागते. जनावर उपाशी ठेवून कुणी झोपत नाही. रपेट घोड्याच्या खाण्याला बांधून टाका. फक्त क्रम असा ठेवा: आधी थोडी वैरण आणि पाणी, मग रपेट, आणि चंदीचा तोबरा परत आल्यावर. दहा दिवसांत घोडीच तुम्हाला हाका मारायला लागते, कारण तिच्या डोक्यात रपेट म्हणजे तोबरा हे गणित पक्कं झालेलं असतं.

सवय किती दिवसांत लागते? "एकवीस दिवसांत" असं सांगणारी रील्स पाहून सोडून द्या. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 जणांवर केलेल्या अभ्यासात सरासरी 66 दिवस निघाले, आणि माणसागणिक 18 ते 254 दिवस असा फरक होता. आपल्याकडे दिवाळी ते संक्रांत हे अंतर बऱ्याच वर्षी याच्या आसपास असतं. म्हणजे सुरुवात दिवाळीच्या पाडव्याला करायला हवी, जेव्हा हवा छान असते. एक जानेवारीचा संकल्प करून अंधाराच्या ऐन भरात सुरुवात करणं म्हणजे परीक्षेच्या आदल्या रात्री पुस्तक उघडणं. याच अभ्यासातली दुसरी गोष्ट जास्त दिलासा देणारी आहे: एखादा दिवस चुकल्याने सवय मोडत नाही. माझे सोळा दिवस गेले, ते पहिल्या दिवसामुळे नाही. दुसऱ्या दिवशी "आता चुकलंच आहे" असं वाटलं, त्यामुळे गेले.

त्यामुळे रपेटीची एक किमान व्याख्या ठरवा, इतकी लहान की नाही म्हणायला लाज वाटावी. माझी आहे: खोगीर नाही, मोरखी लावून पंधरा मिनिटं हाताने चालवायचं आणि खरारा करायचा. तेवढं झालं की दिवस मोजला जातो. बहुतेक वेळा बाहेर पडल्यावर आपण पुढे जातोच. आणि नाही गेलो, तरी घोडीचं आतडं हललेलं असतं, जे मुख्य काम होतं.

बाकीची तयारी रात्री. खोगीर, रिकिबी, तंग तपासून ठेवायचे, कपडे उशाशी. लगामाची तोंडातली लोखंडी कडी सकाळी थंडगार असते. ती तशीच तोंडात सारली तर घोडा मान वर करायला शिकतो. जाकिटाच्या आत दोन मिनिटं धरून गरम करा. हातमोजे लोकरीचे नकोत, वादी निसटते. हेल्मेटच्या आत जाड कानटोपी घातली तर हेल्मेट हलतं, पातळ कापडी टोपी घाला. सुरुवातीची दहा-पंधरा मिनिटं नुसती चाल, कारण थंडीत स्नायू मोकळे व्हायला वेळ लागतो. परत आल्यावर घाम असेल तर पाणी ओतू नका. गवताच्या जुडग्याने उलट-सुलट घासून कोरडं करा, नाहीतर ते ओले केस आणि वारा हा मघाचा प्रश्न येतो.

मग सोबत. फौजेतला स्वार एकटा उठत नव्हता. गावात घोडा असलेला दुसरा कुणी असेल तर त्याच्याशी वेळ ठरवा. पांदीच्या तोंडाशी कुणीतरी कुडकुडत उभं आहे ही कल्पना कुठल्याही मोटिव्हेशनल व्हिडिओपेक्षा लवकर उठवते. दुसरा घोडा नसेल तर सायकलवाला, पळणारा, पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं, कुणीही चालेल. जिंतूरला पहाटे मैदानावर ही पोरं असतातच, आणि थंडीचं कारण त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं नाही.

आणि तारीख. "फिट राहायचं" याला तारीख नसते. माळेगावच्या यात्रेला असते. तिथे घोडा विकायचा नसला तरी चालेल, दाखवायला न्यायचा म्हटलं तरी मार्गशीर्षभर खरारा आपोआप होतो. फक्त बाजारातून परतल्यावर घोड्याला आठ-दहा दिवस इतरांपासून वेगळं बांधा, नाकातून स्राव किंवा ताप दिसला तर तपासून घ्या. ग्लँडर्ससारखा आजार घोड्याकडून माणसालाही होतो. यात्रेनंतर पुढची तारीख लगेच ठरवा, कारण यात्रा संपली की जानेवारीतला तोच उशिरा उजाडणारा आठवडा समोर असतो. नेमगिरीच्या डोंगरापर्यंत जाऊन येणं, येलदरी धरणाच्या बाजूला एखादी लांब रपेट, काहीही.

स्वीडन किंवा कॅनडात राहणारे मराठी लोक हे वाचून हसतील. तिथे डिसेंबरात दुपारी तीन-चारला अंधार पडतो आणि लोक दिव्याखाली, छपराच्या रिंगणात घोडे फिरवतात. लांबलेल्या अंधाराने मन खरोखर खचतं, त्याला 1984 पासून वैद्यकात वेगळं नाव आहे. आपल्याला अकरा तासांचं ऊन मिळतं. त्यातला सकाळचा अर्धा तास अंगावर घेतला तर झोपेचं घड्याळही जागेवर येतं, कारण ढगाळ सकाळीसुद्धा बाहेरचा उजेड घरातल्या ट्यूबलाइटच्या कितीतरी पट असतो.

2022 मध्ये औरंगाबादचा, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचा, घोड्यावरून कामाला जाणाऱ्या एका कर्मचाऱ्याचा व्हिडिओ देशभर फिरला होता. पेट्रोल महाग झालं म्हणून सगळ्यांनी तो शेअर केला. त्या व्हिडिओत मला वेगळीच गोष्ट दिसली. त्या माणसाला रोज सकाळी रपेट करायची की नाही, हा प्रश्नच नव्हता. त्याला ड्युटीवर जायचं होतं.

माझ्याकडे ड्युटी लॅपटॉपवर असते, त्यामुळे मी यंदा वेगळा मार्ग काढलाय. गजराचा मोबाइल रात्री शेडमधल्या खुंटीला टांगतो. सहाला तो तिथे वाजतो आणि बंद करायला बाहेर जावंच लागतं. घोडीला तो आवाज अजिबात आवडत नाही. परवा मी पोचायच्या आत तिने तो तोंडाने ओढून चंदीच्या टोपल्यात टाकला होता.